अमेरिकी काँग्रेस संघीय यंत्रणांना खरोखर जाब विचारू शकते का?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत असल्यामुळे अमेरिकी काँग्रेसच्या समित्यांच्या सुनावण्या मी नेमाने पाहतो आणि त्यांतले काही भाग बारावीच्या वर्गातही दाखवतो. एखाद्या संघीय यंत्रणेचा प्रमुख उजवा हात वर करून शपथ घेतो आणि समोर उंचावर बसलेले सदस्य त्याला एकामागून एक पाच-पाच मिनिटे प्रश्न विचारतात, याचे विद्यार्थ्यांना मोठे अप्रूप वाटते. मात्र थोड्याच वेळात त्यांच्या लक्षात येते की, निम्मे सदस्य प्रश्नाच्या नावाखाली भाषणच करतात, अधिकारी "याविषयी बंद दाराआडच बोलता येईल" असे सांगून मोकळा होतो आणि सभापती वेळ संपल्याचे जाहीर करतात. मग पोरे विचारतात की, पुढे काय झाले? याचे समाधानकारक उत्तर मला देता येत नाही.

आपल्याकडे मंत्री सभागृहाला जबाबदार असतो आणि सभागृहाचा विश्वास गमावला तर सरकार जाते, एवढी गोष्ट तरी स्पष्ट आहे. अमेरिकेत मंत्री काँग्रेसचा सदस्य नसतो, अविश्वासाचा ठराव नसतो आणि महाभियोगाची वेळ क्वचितच येते. असे असताना गुप्तचर संस्था, करखाते किंवा स्थलांतर विभाग यांच्यावर काँग्रेसचा धाक नेमका कशामुळे राहतो? तो कायद्याने येतो, पैशाने येतो, की निव्वळ बदनामीच्या भीतीने?

जाता जाता आणखी एक शंका. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाचीचा एक अर्ज एका संघीय कार्यालयात बराच काळ अडकला होता. तिच्या भागातल्या लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाने तिच्याकडून एक संमतिपत्र भरून घेतले आणि त्यानंतर हालचाल झाली. ही शिफारस म्हणायची, की हाही देखरेखीचाच भाग आहे?

दप्तरदार

प्रश्न मोलाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सुनावणी हा देखरेखीचा डोळ्यांना दिसणारा भाग आहे आणि माझ्या मते सर्वांत कमी महत्त्वाचा. समितीचा वचक दोन गोष्टींवर ठरतो. यंत्रणेचे मूळ कागद तिच्या हाती पडतात का, आणि ते वाचून काढायला तिची स्वतःची, जाणकार आणि चिकाटीची माणसे आहेत का?

अमेरिकेच्या संविधानात देखरेखीचा अधिकार शब्दांत कुठेही लिहिलेला नाही. तरीही १७९२ मध्येच, जनरल आर्थर सेंट क्लेअर यांच्या फौजेचा आदल्या वर्षी मूळ रहिवासी जमातींनी केलेला दारुण पराभव का झाला, हे शोधण्यासाठी प्रतिनिधी सभेने समिती नेमली, युद्धखात्याचे कागद मागवले आणि राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी ते दिले. पुढे १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मॅकग्रेन विरुद्ध डॉहर्टी या खटल्यात स्पष्ट केले की, कायदा करायचा तर माहिती हवी आणि म्हणून साक्षीदाराला हजर करण्याची सक्ती हा कायदेमंडळाच्या अधिकाराचाच भाग आहे.

तुमच्या विद्यार्थ्यांना मी चर्च समितीचे उदाहरण देईन. गुप्तचर यंत्रणांच्या गैरप्रकारांचा तपास करण्यासाठी जानेवारी १९७५ मध्ये सिनेटने ८२ विरुद्ध ४ मतांनी ही समिती नेमली आणि आयडाहोचे सिनेटर फ्रँक चर्च तिचे अध्यक्ष झाले. त्या सप्टेंबरमध्ये चर्च यांनी सीआयएचे विषारी बाण सोडणारे पिस्तूल सुनावणीत हातात धरून दाखवले आणि तेच छायाचित्र लोकांच्या लक्षात राहिले. परंतु समितीचे खरे काम त्या खोलीबाहेर चालले होते. तिने सुमारे ८०० साक्षीदारांशी बोलून १,१०,००० कागदपत्रे चाळली. त्यातूनच उघड झाले की, दुसरे महायुद्ध संपल्यापासून तीन मोठ्या तार कंपन्या परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या तारांच्या प्रती सरकारला देत होत्या. आधी कागदी स्वरूपात आणि नंतर चुंबकीय फितींवर असलेल्या या प्रती न्यूयॉर्कहून एनएसए या संदेशांवर पाळत ठेवणाऱ्या गुप्तचर संस्थेच्या मुख्यालयात नेण्यासाठी खास माणूस विमानाने ये-जा करत असे आणि अखेरच्या काळात एनएसएचे विश्लेषक महिन्याला सुमारे दीड लाख तारा वाचत होते. इतकी वर्षे काँग्रेस अस्तित्वात होती, अंदाजपत्रकही दरवर्षी मंजूर करत होती, पण तिने कागद मागितले नव्हते. समितीच्या कामानंतर सिनेटची कायमस्वरूपी गुप्तचर समिती १९७६ मध्ये आणि प्रतिनिधी सभेची १९७७ मध्ये स्थापन झाली, आणि देशांतर्गत पाळतीसाठी विशेष न्यायालयाची परवानगी बंधनकारक करणारा कायदा १९७८ मध्ये आला.

दुसरे उदाहरण अलीकडचे असून मला ते अधिक शिकवून जाते. सीआयएने २००५ मध्ये कैद्यांच्या छळ करून केलेल्या चौकशीच्या चित्रफिती नष्ट केल्याचे २००७ च्या अखेरीस वृत्तपत्रांतून उघड झाले. सिनेटच्या गुप्तचर समितीने मार्च २००९ मध्ये १४ विरुद्ध १ मतांनी सखोल तपास सुरू केला. सीआयएने अट घातली की, कागद समितीच्या कार्यालयात जाणार नाहीत, कर्मचाऱ्यांनी व्हर्जिनियातल्या एका सुरक्षित इमारतीत येऊन तेथील संगणकांवरच ते वाचायचे. कोणत्याही अनुक्रमाशिवाय, विषयवारीशिवाय तेथे साठ लाखांहून अधिक पाने ओतण्यात आली. समितीच्या मोजक्या कर्मचाऱ्यांनी त्या तळघरवजा खोलीत वर्षानुवर्षे बसून ती वाचली. २०१० मध्ये एकदा सुमारे ८७० आणि नंतर सुमारे ५० कागद त्या संगणकांवरून परस्पर गायब झाले. ते कर्मचाऱ्यांच्या लक्षात आले, कारण ते रोज तेच वाचत होते. पुढे सीआयएने समितीच्या वापरातल्या संगणकीय भागात शिरून शोधाशोध केली. समितीच्या अध्यक्षा डायान फाइनस्टाइन यांनी ११ मार्च २०१४ रोजी भर सिनेटमध्ये उभे राहून हे सांगितले. संस्थेच्या प्रमुखांनी तेव्हा इन्कार केला, मात्र जुलैमध्ये संस्थेचीच आतून तपासणी करणाऱ्या महानिरीक्षकांनी दुजोरा दिल्यावर त्यांना माफी मागावी लागली.

मूळ अहवाल ६,७०० हून अधिक पानांचा असून तो आजही गोपनीय आहे; सुमारे ५०० पानांचा सारांश डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. कुणावरही खटला भरला गेला नाही, याची चीड येणे रास्त आहे. पण २०१५ मध्ये सिनेटने ७८ विरुद्ध २१ मतांनी दुरुस्ती संमत केली आणि सीआयएसारख्या यंत्रणेनेही कैद्याची चौकशी लष्कराच्या नियमपुस्तिकेबाहेर जाऊन करू नये, हे कायद्यात आले. 'पुढे काय झाले' याचे उत्तर बहुधा असे पाच-सहा वर्षांनी मिळते आणि तोवर कॅमेरे निघून गेलेले असतात.

जमाखर्च

दप्तरदार यांच्या प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु पैशाची बाजू राहिली, ती मांडतो. आयुष्यभर लेखापरीक्षणात काम केल्यामुळे मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

संघीय तिजोरीतून एक डॉलरही काँग्रेसच्या मंजुरीशिवाय काढता येत नाही, हे संविधानात लिहिलेले आहे. मात्र मंजुरी देणे हा एक भाग झाला. मंजूर पैसा खरोखर त्याच कामावर खर्च झाला का, हे तपासायला स्वतंत्र डोळा लागतो. त्यासाठी १९२१ च्या कायद्याने जीएओ ही सरकारी खर्च तपासणारी संस्था स्थापन झाली. तिचे प्रमुख १५ वर्षांसाठी नेमले जातात आणि राष्ट्राध्यक्ष त्यांना काढू शकत नाहीत, तो अधिकार फक्त काँग्रेसकडे आहे. ही संस्था काँग्रेसचीच असल्यामुळे एखाद्या समितीने विचारले की तिचे लोक यंत्रणेत जाऊन बसतात आणि तपासतात. ज्या सरकारी कामांत उधळपट्टी, गैरव्यवहार किंवा ढिसाळपणाचा मोठा धोका आहे, अशांची यादी ती १९९० पासून प्रसिद्ध करते. एखाद्या खात्याचे नाव त्या यादीत वर्षानुवर्षे राहिले, तर अंदाजपत्रकाच्या वेळी त्या खात्याला त्याचे उत्तर द्यावे लागते.

मंजूर पैसा मुद्दाम खर्चच न करणे, ही उलट्या बाजूची पळवाट आहे. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ती इतकी वापरली की, काँग्रेसने १९७४ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. पैसा कायमचा रद्द करायचा असेल, तर राष्ट्राध्यक्षांनी तसा प्रस्ताव पाठवावा आणि काँग्रेस चालू असलेल्या ४५ दिवसांत दोन्ही सभागृहांनी मान्यता दिली नाही, तर पैसा खर्चासाठी मोकळा करावा, असे त्यात ठरले. २०१९ मध्ये युक्रेनसाठी मंजूर झालेल्या लष्करी मदतीतले सुमारे २१.४ कोटी डॉलर रोखून धरल्याबद्दल जीएओने जानेवारी २०२० मध्ये या कायद्याचा भंग झाल्याचा निर्णय दिला. निर्णय फार मोठा नाही, शांत भाषेत लिहिला आहे आणि वर्गात वाचून घेण्यासारखा आहे. राष्ट्राध्यक्षांच्या धोरणविषयक आवडीनिवडीला काँग्रेसने केलेल्या कायद्याची जागा घेता येत नाही, हे त्यातले मर्म.

तिसरा आधार म्हणजे यंत्रणेच्या आतच बसलेले महानिरीक्षक. ही रचना १९७८ च्या कायद्याने आली. हे अधिकारी खात्यात असतात, पण आपला अहवाल खातेप्रमुखाइतकाच काँग्रेसलाही देतात. वर सीआयएच्या प्रकरणात आतल्या महानिरीक्षकांनी दुजोरा दिला नसता, तर फाइनस्टाइन यांचा शब्द आणि संस्थाप्रमुखांचा शब्द एवढेच उरले असते. अशा अधिकाऱ्याला काढायचे असल्यास ३० दिवस आधी काँग्रेसला कारण कळवले पाहिजे, असा कायदा आहे. जानेवारी २०२५ मध्ये मात्र एकाच रात्री अनेक महानिरीक्षकांना अशी सूचना न देता काढण्यात आले. त्यानंतर सप्टेंबरमध्ये संघीय न्यायाधीशांनी ते बेकायदा ठरवले, तरी त्यांना पदावर परत बसवण्यास नकार दिला. कायदा मोडला हे सिद्ध झाले आणि खुर्ची मात्र गेलीच, ही गोष्ट मला अत्यंत चिंताजनक वाटते. आतला माणूस गेला की, बाहेरच्या समितीला कोणता कागद मागायचा, हेच कळेनासे होते.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

दोघांचेही मनापासून आभार. दोन उपप्रश्न विचारतो. यंत्रणेने कागद द्यायलाच नकार दिला, तर काँग्रेसच्या हातात शेवटी काय उरते? आणि यंत्रणेचा एखादा निर्णय काँग्रेसला सरळ रद्द करता येतो का?

अभिवक्ता_नागपूर

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर एका भारतीय वंशाच्या माणसाच्या खटल्यातून मिळाले आणि आपल्याकडे तो फारसा सांगितला जात नाही.

जगदीश राय चड्ढा यांचा जन्म केनियात भारतीय आईवडिलांच्या पोटी झाला. ब्रिटिश पारपत्रावर ते अमेरिकेत शिकायला गेले आणि व्हिसाची मुदत संपल्यावर त्यांना हद्दपार करण्याची कारवाई सुरू झाली. स्थलांतर खात्याच्या न्यायाधीशांनी त्यांची परिस्थिती पाहून हद्दपारी थांबवली. त्या वेळच्या कायद्यानुसार असा निर्णय काँग्रेसच्या कोणत्याही एका सभागृहाला साध्या ठरावाने फिरवता येत असे. डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधी सभेने ३४० प्रकरणांतली सहा वेगळी काढली, चर्चा न करता, मतांची मोजदादही न करता ठराव संमत केला आणि त्या सहांत चड्ढा होते. त्यांच्या निवडीचे कारण सभागृहाच्या कामकाजात नीट सापडत नाही. ते लढले, आणि २३ जून १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ठरवले की, काँग्रेसला कोणाचे कायदेशीर हक्क किंवा कर्तव्ये बदलायची असतील, तर दोन्ही सभागृहांची मंजुरी आणि राष्ट्राध्यक्षांसमोर विधेयक ठेवणे, हा पूर्ण मार्गच चालावा लागेल.

एका माणसाला न्याय मिळाला, याचा मला आनंद वाटतो. त्याच वेळी न्यायमूर्ती व्हाइट यांनी आपल्या विरोधी मतात दिलेला इशाराही मला पटतो. असे अधिकार देणारी कलमे जवळपास २०० कायद्यांत होती आणि यंत्रणांना व्यापक अधिकार देताना त्यांवर लगाम म्हणून काँग्रेसने ती घातली होती. अधिकार यंत्रणांकडे राहिले आणि लगाम सुटला. त्यानंतर १९९६ मध्ये यंत्रणांचे नियम झटपट रद्द करण्याची एक पद्धत आली, पण तिच्यातही राष्ट्राध्यक्षांची सही लागते, म्हणजे स्वतःच्या यंत्रणेने केलेला नियम रद्द करायला राष्ट्राध्यक्षांनीच होकार द्यावा लागतो. म्हणूनच ती पद्धत मुख्यत्वे सत्तांतरानंतर, आधीच्या प्रशासनाचे नियम मोडीत काढण्यापुरती उपयोगी पडते.

आता पहिला प्रश्न. समन्स झुगारले, तर सभागृह अवमानाचा ठराव करते आणि प्रकरण खटल्यासाठी न्याय विभागाकडे पाठवते. येथेच सगळी गोम आहे. न्याय विभाग हा कार्यकारी शाखेचाच भाग आहे. २०१२ मध्ये प्रतिनिधी सभेने खुद्द न्याय विभागाचे प्रमुख, ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांनाच अवमानासाठी दोषी ठरवले, तेव्हा त्यांच्या विभागाने खटला भरला नाही. २०१४ मध्ये करखात्यातल्या अधिकारी लोइस लर्नर यांच्या बाबतीतही तेच झाले. सरकार बदलल्यावर मात्र आधीच्या सरकारच्या वर्तुळातल्या स्टीव्ह बॅनन यांच्यावर खटला झाला, २०२२ मध्ये ते दोषी ठरले आणि २०२४ मध्ये त्यांनी चार महिने तुरुंगवास भोगला. एकेकाळी सभागृह स्वतःच्या सुरक्षाप्रमुखाकरवी माणसाला अटक करत असे. ती प्रथा १९३० च्या दशकानंतर वापरात नाही. दिवाणी दावा दाखल करता येतो, पण तो निकाली निघेपर्यंत काँग्रेसची दोन वर्षांची मुदत अनेकदा संपून जाते. तेव्हा प्रामाणिक उत्तर असे की, यंत्रणा आणि राष्ट्राध्यक्ष यांनी मिळून नकार द्यायचे ठरवले आणि सभागृहातले बहुमत त्यांच्याच पक्षाचे असले, तर काँग्रेसजवळ पैसा अडवण्याखेरीज तातडीचे हत्यार नाही. आणि ते उचलायलाही बहुमतच लागते.

एडिसनकर

भाचीच्या अर्जाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आमच्या मंडळातल्या अनेकांना याचा उपयोग झाला आहे. ही शिफारस नव्हे. लोकप्रतिनिधीचे कार्यालय यंत्रणेला अर्जाची स्थिती विचारू शकते आणि विलंबाचे कारण मागू शकते, मात्र निर्णय अमुकच द्या, असे सांगू शकत नाही. वैयक्तिक माहिती उघड करायची असल्यामुळे अर्जदाराची सही केलेले संमतिपत्र आधी घ्यावे लागते. अर्जदार मतदार नसला, तरी त्या मतदारसंघातल्या रहिवाशाला ही मदत साधारणपणे मिळते. याला देखरेख म्हणायचे ते एवढ्यासाठी की, एकाच कार्यालयातल्या एकसारख्या विलंबाच्या तक्रारी अनेक प्रतिनिधींकडे जमल्या की, त्या समितीच्या कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचतात आणि मग यंत्रणेला एकेका अर्जाविषयी नव्हे, तर सगळ्या कारभाराविषयी लेखी उत्तर द्यावे लागते.

संसदवार्ता

धागाकर्त्यांनी आपल्याकडच्या मंत्र्याच्या जबाबदारीचा उल्लेख केला आहे, म्हणून लिहितो. ती जबाबदारी खरी आहे. १९५७ च्या डिसेंबरात फिरोझ गांधी यांनी लोकसभेत आयुर्विमा महामंडळाच्या मुंदडा कंपन्यांतल्या सव्वा कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा प्रश्न उपस्थित केला, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांच्या आयोगाने मुंबईत खुली सुनावणी घेतली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. इतक्या कमी दिवसांत मंत्र्याला घरी पाठवणे अमेरिकी काँग्रेसला जमणार नाही.

मात्र मंत्र्याखालच्या यंत्रणेचे कागद नियमितपणे वाचण्याच्या बाबतीत आपण फार मागे आहोत. लोकलेखा समितीपुढे सचिव येतात, त्यांची उलटतपासणीही कसून होते, आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत पाळला जातो, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु बैठक बंद दाराआड होते आणि लोकांपर्यंत फक्त अहवाल येतो. लातूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष असताना, १९९३ मध्ये, खातेनिहाय स्थायी समित्या सुरू झाल्या. त्यांनी अनुदानाच्या मागण्या बारकाईने तपासाव्यात हा हेतू होता. आज अशा २४ समित्या आहेत. तरीही बहुतेक खात्यांच्या मागण्या शेवटच्या दिवशी चर्चेविना एकगठ्ठा संमत होतात. गुप्तचर विभाग आणि रॉ यांच्यावर देखरेख ठेवणारी संसदीय समिती तर नाहीच. मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये त्यासाठी खासगी विधेयक मांडले होते, ते कायद्यात उतरले नाही.

दप्तरदार यांनी सांगितलेल्या सिनेटच्या तपासाला मार्च २००९ पासून डिसेंबर २०१४ पर्यंतचा काळ लागला आणि मोजके कर्मचारी वर्षानुवर्षे त्याच कागदांवर बसून होते. आपल्या स्थायी समित्यांची दरवर्षी नव्याने रचना होते. सदस्य विषयात मुरतो न मुरतो तोच दुसऱ्या समितीत जातो, आणि समितीच्या सचिवालयातले अधिकारी कितीही मेहनती असले, तरी त्या विषयातले तज्ज्ञ संशोधक त्यांच्या हाताशी नसतात. समितीचा कार्यकाळ लोकसभेच्या मुदतीइतका करणे आणि प्रत्येक समितीला तिचे स्वतःचे संशोधक देणे, या दोन्ही गोष्टींसाठी घटनादुरुस्ती लागत नाही. नियमांत बदल आणि संसदेच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात तरतूद केली तरी त्या होऊ शकतात. ही मागणी आपण आपापल्या खासदारांकडे लेखी करू शकतो आणि मी ती केली आहे.